ताटाएवढा सिनेमा

भाऊजी गेल्याची तार अमरावतीला आमच्या दारात आली, तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. दिवाळीला आम्ही सगळे अकोल्याला गेलो, तरी त्यांनी माझ्या मुलांना माझ्या वडिलांचं, बाबांचं, सिनेमाचं रीळ काही दाखवलं नव्हतं. मशीन मांडलं, खिडक्यांना घोंगड्या बांधल्या, सगळ्यांना दाटीवाटीनं बसवलं, आणि तासभर खुंट्या पिरगाळून शेवटी म्हणाले, "आज दिवा जमून नाई राहिला. संक्रांतीले या." संक्रांतीच्या आधीच हे असं झालं. तार हातात घेऊन मी रडले, आणि रडता रडता म्हणाले, "याही वेळी अर्ध्यातच उठले..." ह्यांना त्याचा अर्थ कळला नाही. भाऊजींच्या घरी जो एकदा सिनेमा पाहायला बसला असेल, त्याला कळेल.

भाऊजी, म्हणजे वामनराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. अकोल्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथेही त्यांची हीच तऱ्हा. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, दिवा इकडे सरकवायचा, तिकडे सरकवायचा, हनुवटी वर, हनुवटी खाली... इतकं की नव्या नवरा-नवरीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळून जायचं आणि मग हे फोटो काढायचे. गावातल्या निम्म्या लग्नाच्या फोटोंत माणसं वैतागलेली दिसतात, ती भाऊजींमुळे. पुढे सरकी-कापसाच्या कंपनीतला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी चावीचा सिनेमाचा कॅमेरा आणि घरात सिनेमा दाखवायचं मशीन घेतलं. ताईला तेव्हा नवं कपाट हवं होतं. ते राहिलं ते राहिलंच.

त्या कॅमेऱ्यानं त्यांनी पहिलं रीळ काढलं ते आमच्या वरूडच्या संत्र्याच्या बागेत. बाबा झाडांमधून चालत येतात, एक संत्रं तोडतात, सोलतात आणि मायच्या हातावर फोडी ठेवतात. एवढंच. गाणं नाही, बोलणं नाही. पुढच्या वर्षी बाबा गेले, आणि चालते-फिरते बाबा म्हणून जे काही जगात उरलं, ते त्या रिळात. माय ताईकडे अकोल्याला राहायला आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि डोळ्याला सुरी लावू द्यायला ती कुणाच्याही सांगण्यानं तयार नव्हती. नजर पुरती जायच्या आत तिला एकदा बाबांना नीट बघायचं होतं. हे तिनं माझ्याशी बोलून दाखवलं नाही, ताईशीही नाही. जावयाला सांगितलं. "जवाईबापू, एकदा हे दाखवा मले चांगले. मंग नाई मांगत."

झालं. सांगितलं कुणाला, तर भाऊजींना. घरामागेच पिठाची चक्की. ती सुरू झाली की मशीनचा दिवा मलूल व्हायचा आणि बाबा कावीळ झाल्यासारखे पिवळे दिसायचे. त्यासाठी भाऊजींनी विजेचं एक काळं खोकं बसवलं होतं. त्याची खुंटी फिरवली की दिवा चढायचा. तरी समाधान नाही, म्हणून चक्कीवाल्याला जाऊन सांगायचे, "अर्धा घंटा बंद ठेव गा, सासूबाईले सिनेमा दाखवून राहिलो." गल्लीतल्या बायका ज्वारीचे डबे घेऊन ताटकळायच्या आणि शिव्या ताईला खायला लागायच्या. इतकं करून रीळ सुरू झालं की बाबा चार पावलं चालायचे, आणि हे मशीन थांबवायचे. "थांबा, फोकस ढळला." पुन्हा सुरू. पुन्हा चार पावलं. "थांबा, उजेड एका बाजूनं पडून राहिला." बाबा कधी संत्र्यापर्यंत पोचायचेच नाहीत. ताई एकदा अंधारातच म्हणाली, "काहून छळता हो मेल्या माणसाले?"

एके दिवशी दिवेलागणीला आम्ही असेच बसलो होतो. मी अमरावतीहून आले होते. चक्की चालू होती, चक्कीवाल्यानं त्या दिवशी साफ नकार दिला होता, म्हणून भाऊजींनी खोक्याची खुंटी अगदी टोकाला नेली. चित्र छान उजळलं. बाबा झाडाखाली आले. आणि तेवढ्यात चक्कीवाल्याचं काय दळून संपलं कोण जाणे, त्यानं चक्की बंद केली. वीज एकदम उसळली, मशीनमधला दिवा लख्ख पेटला आणि फट्‌कन उडाला. खोलीत काळोख. पण मशीनची चाकं वेगळ्या बटणावर, ती फिरतच राहिली घरघर करत. कुणी काही बोलायच्या आत काळोखातून मायचा आवाज आला. "दिसून राहिले ना... कसे चालून राहिले हे, पाहा. रोडावले होते तवा."

ताईनं माझा हात धरला. आम्हाला इतके दिवस वाटत होतं की मायला भिंतीवरचं थोडंफार दिसतं, तीच तर दर वेळी सांगायची. जावयाचा एवढा खटाटोप, त्यांचं मन मोडायला नको म्हणून ती चाकांच्या आवाजावर सिनेमा बघत होती. भाऊजींनी मशीन बंद केलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "संपलं, माय. दिवा लावतो आता घरातला."

नवा दिवा मुंबईहून यायला महिने लागले. तो आला आणि भाऊजींनी नवंच खूळ काढलं. मशीन भिंतीजवळ सरकवायला लागले. मशीन जवळ आलं की चित्र लहान होतं आणि उजेड एका जागी गोळा होऊन ते झगझगीत दिसतं. हे त्यांनी आम्हाला समजावून सांगायला काय हरकत होती? नाही सांगितलं. सिनेमा चादरीएवढा होता तो पाटाएवढा झाला. आम्ही मागे बसून माना उंचावायचो. मी वैतागून म्हटलं, "भाऊजी, सिनेमा दाखवून राहिले का पोस्टाचं तिकीट?" ते म्हणाले, "तुमच्यासाठी नाई लावला." शेवटी तर त्यांनी भिंतच सोडली. मायला खुर्चीवर बसवलं, ताईचं इनॅमलचं पांढरं ताट तिच्या मांडीवर उभं धरायला दिलं, आणि तिच्या उजव्या खांद्यामागे तिवईवर मशीन ठेवून दिवा त्या ताटावर सोडला.

ताटात बाबा चालत आले. माय पुढे वाकली. आणि रागावल्यासारखी म्हणाली, "बटनं पाहा कसे लावले. एक वर, एक खाली." आम्ही ते रीळ इतक्यांदा, एवढं मोठं पाहिलेलं, पण बाबांच्या कोटाची बटणं चुकली आहेत हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मायनं बोट पुढे नेलं, बटण काढायला. बाबा तिच्या बोटावर आले. आणि अशा वेळी भाऊजींनी काय करावं? "थांबा, अजून जरासं साफ करतो," म्हणत फोकसला हात घातला. बाबा विरघळून गेले. ताई आणि मी दोघी त्यांच्यावर ओरडलो. माय मात्र हसत होती. "राहू द्या, जवाईबापू. पाह्यलं म्या."

परवा भाऊजींच्या तेराव्याला आम्ही सगळे अकोल्यात होतो. माय आता पुरती आंधळी आहे. जेवणं झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर तीच म्हणाली, "मशीन लावा." ताट त्या खोलीत खिळ्याला टांगलेलं होतं, ताईनं त्यात पुन्हा कधी कुणाला वाढलं नाही. पण मशीन कुठे ठेवायचं, किती दूर, हे कुणाला ठाऊक? भल्या माणसानं फरशीवर खडूची एक खूण तरी करून ठेवायची... नाही. आम्ही तिवई पुढे घेतली, मागे नेली, ताटावर नुसता धुरकट गोळा. ताई आणि मी एकमेकींवर खेकसायला लागलो. तेव्हा माय मान तिरपी करून म्हणाली, "एवढी दूर नोती घरघर. माह्या मागं, उजव्या कानाच्या अंगानं ये." आम्ही तिवई सरकवत गेलो. "अजून... अजून जराशी... हां. इथंच ठेवत होते जवाईबापू."

ताटात बाबा उभे राहिले. संत्र्याला हात घातला, सोललं. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते रीळ न थांबता पाहत होते, आणि कुणीतरी "थांबा" म्हणावं असं मला फार वाटलं. माय ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, तोंड समोर.

"दिसून राहिले का?" तिनं विचारलं.

"दिसून राहिले, माय," मी म्हणाले.

"अन् बटनं?"

"तसेच हायेत. चुकलेले."