हळदीची रेघ

पुण्यात असताना झुरळ दिसलं तरी मी बायकोला हाक मारायचो. तरी एडिनबराच्या ऑफिसात शेजारच्या डेस्कवरचा स्कॉटिश मित्र तीन वर्षांपूर्वी मला टेकड्यांवर ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीला घेऊन गेला, आणि मला चटकच लागली. दर शनिवारी ओल्या झुडपांतून चालायचं, पायाखालून फडफडत पक्षी उठायचा, आणि हाकेच्या अंतरावर मित्र आणि त्याचा कुत्रा.

सगळं त्यानंच शिकवलं. बंदूक दुसऱ्याच्या हातात देताना आधी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या दाखवायच्या, हा तिथला शिष्टाचार. "गनच्या बाबतीत कुणाच्याही शब्दावर जायचं नाही," तो म्हणायचा. मी त्याच्या शब्दावर गेलो.

यंदा बंदूक बाळगायचं पोलिसांचं सर्टिफिकेट हातात पडलं तशी त्यानं आपल्या आजोबांची दुनळी मला विकली. जुनी, बर्मिंगहॅमची, इतकी हलकी की दिवसभर डोंगर चढला तरी खांदा भरून येत नाही. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता नवा कोरा दिसत होता. "फक्त पॉलिश करून घेतलंय, बाकी जशीच्या तशी," तो म्हणाला. मी भाव केला नाही. आजोबांच्या वस्तूचा भाव कसला करायचा? त्यानं मला घरचा मानलं, याच आनंदात मी होतो.

ऑगस्टमध्ये सीझन सुरू झाला तसा तो माझ्यापासून पार लांब चालायला लागला. "कुत्र्याला मोकळी जागा लागते," म्हणायचा, "आणि तुला आता सोबत कशाला?" मला वाटलं, मी पास झालो.

दसऱ्याला पूजेत लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि शेजारी बंदूक मांडली. "अरे, लोखंडाला नको, रस्ट येईल. लाकडाला लाव," बायको म्हणाली. मी दस्त्याच्या निमुळत्या भागाला, जिथे मूठ आवळतो तिथे, ओल्या हळदीकुंकवाची बोटं लावली. संध्याकाळी कपाटात ठेवण्याआधी पुसायला घेतली. सगळं निघालं, एक पिवळी रेघ सोडून. केसाएवढी बारीक, वळसा घालून गेलेली. लाकडाला तडा होता, आणि हळद त्यात मुरली होती.

शहराबाहेर बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्यानं बघताक्षणी ओळखली. "हा दस्ता मीच चिकटवलाय. पण त्याचं सोडा. नळ्या आतून घासून पातळ झाल्यात. मालकाला मी स्पष्ट सांगितलं होतं, भिंतीवर लाव, हिच्यात काडतूस घालू नकोस, नळी हातातच फुटेल. तुम्ही ही चालवत नाही ना?"

"दर शनिवारी," मी म्हणालो.

तो नळीखाली धरायच्या माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

मला असा संताप आला की गाडीत बसूनच मी मित्राला फोन लावला.

"इट्स ॲन ओल्ड गन," तो म्हणाला. "जुन्या बंदुकांचं थोडंफार असतंच. तुला काही झालं का?"

"मग तू एवढा लांब का चालायचास?"



"सांगितलं होतं ना, कुत्र्यासाठी."

कुत्रा तिन्ही वर्षं तोच होता.