सरवदे साहेबांची विहीर

सरवदे साहेब माझ्या दुकानात पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी टेबलावरचा लांब पेचकस उचलला, त्याचं टोक पाण्याच्या चालू मोटारीवर टेकवलं आणि मूठ दातात धरली. बेरिंगचा आवाज ऐकायला आम्ही मिस्त्री लोक पेचकस कानाला लावतो. दातात धरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. डोळे मिटलेले, गालांची हाडं थरथरताहेत आणि समोर मोटारीचं गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून बघतंय. मी चिडून बटण बंद केलं. तेव्हा ते सावकाश म्हणाले, "हिचं बेरिंग चांगलं हाय, मालक. ही कोरडी पळालीय. खाली पाणी नसताना लई घंटे पळालीय."

दहाच मिनिटांपूर्वी मी त्या गिऱ्हाइकाला बेरिंग बदलायला सांगितलं होतं. तिथूनच त्यांच्याबद्दल माझ्या मनात एक अढी बसली. ती आजही पुरती गेलेली नाही.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. भाड्याच्या घरांवर सरकारी पाट्या लागत होत्या, उस्मानाबादेहून कपाटं आणि फायली ट्रकने येत होत्या. त्याच ट्रकांमागून सरवदे साहेब एका कार्यालयात नकाशे काढायला आले. राहायचे मुरुडला, आपल्या गावी, आणि रोज एसटीने ये-जा करायचे. पाऊस दोन वर्षं रुसलेला. विहिरींचे तळ दिसू लागले होते, आणि लोक तरीही मोटारी चालवून बघायचे आणि जाळून घ्यायचे. जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं हा माझा धंदा. पत्र्याच्या टपरीतून मी पक्क्या दुकानात आलो तो त्या दुष्काळात, हे मी लपवत नाही.

साहेबांना माझ्याकडून केसासारखी बारीक तांब्याची तार हवी होती. कशाला, तर बेस गिटारीला. तिच्या चार जाड तारांखाली चुंबकावर गुंडाळलेली कॉइल असते, ती ते घरी बनवत होते. तरुणपणी नांदेडला एका ऑर्केस्ट्रात त्यांनी हे वाद्य पाहिलं होतं. वाजवणाऱ्याच्या हातापाया पडून गिटार अर्धा तास मागून घेतली आणि ट्रेसिंगच्या कागदावर तिचा नकाशा उतरवला. घर बांधायच्या नकाशासारखा, तिन्ही बाजूंनी, मापांसकट. गावातल्या जयंतीच्या गायन पार्टीत ते पेटीच्या मागे ही गिटार घेऊन उभे राहायचे. मी त्यांना विचारलं होतं, एवढी वाद्यं सोडून हेच का. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बाकीचे ऐकू येतेत. हे ऐकू येत न्हाई, हे छातीत येतंय. थांबलं की मगच कळतंय, काहीतरी होतं म्हून."

कॉइल मी गुंडाळून दिली, आणि मला त्याचा नाद लागला. नांदेडला ऑर्केस्ट्रे मोडत होते. मी जायचो, मान मोडलेल्या, पडदे झिजलेल्या गिटारी घासाघीस करून उचलायचो. कधी पाण्याच्या मोटारीच्या बदल्यात, कधी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या. साहेब त्या दुरुस्त करायचे. लाकूड लागलं की किनवटहून साग यायचा. विकणं आणि अदलाबदल माझ्याकडे. मी भाव केल्याशिवाय मीठही घेत नाही, आणि साहेबांना भाव हा प्रकारच जमायचा नाही. जोडी बरी जमली होती.

त्यांची एकच अट होती. नवी गिटार विहिरीत राहिल्याशिवाय बाहेर जायची नाही.

मुरुडच्या शिवारात एका शेतात जुनी, दगडी बांधकामाची विहीर होती. दुष्काळात ती ठणठणीत कोरडी पडली. साहेब तयार झालेल्या गिटारीला तारा चढवायचे, दोराने बांधून ती विहिरीत अर्ध्यावर सोडायचे आणि दोराचं टोक काठावरच्या बाभळीला बांधायचे. पावसाळ्याचे चार महिने वाद्य घरात, बाकीचे दिवस विहिरीत. उन्हात लाकूड तडकतं आणि विहिरीत गारवा असतो, हे मला पटण्यासारखं होतं. पण रविवारी दुपारी ते काठावर बसायचे, ताणलेला दोर दातात धरायचे आणि तासन् तास ऐकत राहायचे, हे पटण्यासारखं नव्हतं. एखाद्या रविवारी मान हलवून म्हणायचे, "बोलली," आणि गिटार वर काढायचे. त्यानंतर ती कुणालाही द्यायला त्यांची हरकत नसे.

एकदा मीही गेलो. चैत्रातली दुपार, शिवारात चिटपाखरू नाही, पान हलत नाही. मी दोर दातात धरला. आधी माझंच रक्त वाजत होतं. मग खालून एक आवाज आला. आला म्हणजे दातातून डोक्यात चढला. भरत येणाऱ्या घागरीचा जसा आवाज जाड होत जातो, तसा. मी दोर सोडून वाकून बघितलं. खाली गिटार स्थिर लोंबत होती, आणि तिच्याखाली भेगाळलेला चिखल.

"कुठंतरी बोअरची गाडी चालू असंल," मी म्हणालो.

"असंल की," साहेब म्हणाले. मी उठून चारी बाजूंना पाहिलं. कुठे धूळ नव्हती, कुठे गाडी नव्हती.

त्या दिवशी परतताना त्यांनी विहिरीची गोष्ट सांगितली, एवढ्या सपाट आवाजात की जणू नकाशावरची खूण समजावत होते. ते लहान असताना त्यांच्या आईला त्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. घागर काठापासून लांब ठेवायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून उभं राहायचं. कधी तास, कधी दोन तास. एकदा घागर अर्धी भरली आणि ओतणारीला घरून हाक आली. आई संध्याकाळपर्यंत थांबली. शेवटी अर्धी घागर उचलून आणली, आणि मग मरेपर्यंत म्हणत राहिली की अजून थोडं थांबायला पाहिजे होतं.

"पानी होतं तवा जवळ येऊ देत नव्हते," साहेब म्हणाले. "आता कोरडी हाय, तर कुणी इचारत न्हाई. म्या बसतो."

त्याच विहिरीवर पूर्वी मोट चालायची. मोटेच्या चाकाखालचा सागाचा आडवा दांडा शेतमालकाच्या मुलाने साहेबांना दिला. बदल्यात साहेबांनी त्याला बांधाचा नकाशा काढून दिला होता. त्या दांड्याची त्यांनी गिटार केली. पाण्याने काळं पडलेलं, दोराच्या घर्षणाने खाच पडलेलं लाकूड. खाच त्यांनी तशीच ठेवली. कॉइल माझी होती. आठ दिवस बसून हाताने गुंडाळलेली. मी आयुष्यात तसं काम पुन्हा केलं नाही.

ही गिटार विहिरीत तीन उन्हाळे लोंबली. दर रविवारी मी विचारायचो आणि दर रविवारी ते म्हणायचे, "न्हाई बोलली अजून."

नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने ती पाहिली होती. तिच्या बदल्यात तो परदेशी बनावटीची बेस गिटार आणि मोठा अ‍ॅम्प्लिफायर द्यायला तयार होता. त्याचं मन फिरायच्या आत मला व्यवहार करायचा होता. मी साहेबांना समजावलं, मग भांडलो. कॉइल माझी, म्हणजे अर्धी गिटार माझी, असंही बोललो. हातातली पक्कड भिंतीवर फेकली. ते शांतपणे म्हणाले, "अर्धी तुमची हाय, मालक. कोन न्हाई म्हनतंय. पन अर्धीच हाय ती अजून."

मला वाटलं, हा माणूस माझ्या घामाची थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी साहेब कार्यालयात असताना भर दुपारी मी मुरुडला गेलो. बाभळीचा दोर सोडला आणि ओढू लागलो. गिटारीचं वजन माझ्या अंगवळणी पडलेलं होतं. त्या दिवशी दोर हाताला कापत होता. तळातून भरलेली घागर ओढावी, तसा. वर आली ती मात्र नेहमीची, हलकी, कोरडी गिटार. माझ्या तळव्यांची सालं निघाली होती. मी तशीच ती पोत्यात घालून एसटीत बसलो आणि नांदेड गाठलं.

रविवारी मी मुरुडला गेलो ते भांडायच्या तयारीने. सगळी उत्तरं पाठ होती. साहेब काठावर नेहमीच्या जागी बसले होते. रिकामा दोर विहिरीत सोडलेला, टोक दातात. दोराला खाली काहीच बांधलेलं नव्हतं, आणि तरी तो काठीसारखा ताठ होता. मला पाहून त्यांनी तो तोंडातून काढला. तेव्हा तो सैल पडला.

"मालक," ते म्हणाले, "भरायच्या आत उचलली तुमी."

एवढंच. शिवी नाही, हिशेब नाही. मी परदेशी गिटार द्यायला निघालो तर घेतली नाही, अ‍ॅम्प्लिफायरही नाही. मी ओरडलो की तुम्हाला काय पाहिजे ते एकदा सांगा तरी. ते चप्पल घालून एसटीच्या रस्त्याला लागले. माझा राग आहे तो इथे. समोरच्याने आकडा सांगितला की मी त्याच्याशी लढू शकतो. या माणसाने मला आकडाच सांगितला नाही.

दोन महिन्यांत ऑर्केस्ट्रावाला गिटार घेऊन दुकानात हजर. वाजते उत्तम, म्हणाला, पण गाणं थांबलं तरी ती थांबत नाही. तारांवर हात ठेवला तरी आतून काहीतरी चालूच राहतं. वाजवणारा पोरगा तिला घरात ठेवायला तयार नव्हता. मी त्याच्या वस्तू घासाघीस न करता परत दिल्या. माझ्या आयुष्यातला तसा तो एकच व्यवहार. त्या संध्याकाळी दुकानातल्या सगळ्या मोटारी बंद केल्या आणि गिटारीच्या मानेचं टोक दातात धरलं. घागर भरत होती. भरत होती, आणि एका ठिकाणी येऊन तुटत होती. पुन्हा पहिल्यापासून.

मी ती साहेबांकडे नेली. त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिली. "आता तुमची हाय," म्हणाले. त्यानंतर ते दुकानात यायचे, चहा घ्यायचे, दुसऱ्या गिटारी दुरुस्त करायचे. या गिटारीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. निवृत्तीनंतर वर्षभरात ते वारले. मुरुडला मातीला गेलो, तेव्हा विहिरीकडे बघायचं मी टाळलं.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र गेलो. पाऊस मधल्या वर्षांत परतला होता, पण भोवती इतके बोअर झाले होते की विहीर कोरडीच राहिली. बाभळ होती. मी गिटार बांधली, त्यांनी सोडली होती तिथपर्यंत सोडली आणि त्यांच्या जागेवर बसलो. पायांत मुंग्या आल्या तरी उठलो नाही.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती तिथे असते आणि रविवारी मी. दोर दातात धरतो. आवाज आता, पूर्वी तुटायचा त्या जागेच्या पुढे गेला आहे. काठोकाठ येत चाललाय असं वाटतं, पण खात्री नाही. भरली हे सांगू शकणारा माणूस मी गमावला आहे, म्हणून मी ओढत नाही.

गेल्या वर्षी लातूरचा एक जण तिथवर शोधत आला. त्याला ती हवी होती. काय घ्याल, म्हणून त्याने तीनदा विचारलं. मी दोर तोंडातून काढला नाही.