वरची वस्ती म्हणजे एकशेऐंशी

दोन बायका विहिरीत पडल्या हे आबाला हॉटेलात जाऊन सांगितलं, तेव्हा त्याने हातातली चहाची बशी खाली ठेवली नाही. "कुठल्या वस्तीच्या?" असं विचारलं. सांगायला मीच पळत गेले होते. विहिरीत बाज सोडायची होती आणि तेवढा लांब दोर फक्त त्याच्या ट्रॅक्टरमध्ये होता. म्हटलं, "एक माझी सून विमल. दुसरी तुमची बायको." मग त्याने बशी ठेवली.

आबा माझा चुलत दीर. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते, कारण तशी रीत आहे. कागदावर मी त्याला तो म्हणणार.

आमचं गाव दोन ठिकाणी आहे. खाली ओढ्याच्या कडेला जुनं गाव, काळं रान, मारुतीचं देऊळ, विहीर. वर माळावर आमची वस्ती. मुरमाड जमीन, चार लिंबं, मरीआईचं ठाणं, आणि आता त्यामागं पवनचक्क्या. मधे दीड कोसाचा चढ. आबा खालचा. तो स्वतः कधी सरपंच झाला नाही, पण सरपंच तोच करायचा. एसटीच्या थांब्याजवळच्या हॉटेलात सकाळपासून बसायचा. पांढरा सदरा, करंगळीचं नख वाढवलेलं. धाराशिवहून मोठ्या गाड्यांतून पुढारी यायचे, तेव्हा तो टेबलावर चहा सांडायचा आणि त्या नखानं सगळा तालुका काढून दाखवायचा. "ही येडशीकडची डोंगरपट्टी, दोन भावक्या, एका जेवणावर फुटत्यात. हे वढ्याकडचं गाव, ह्यास्नी रस्ता दावायचा, करायचा न्हाय." पुढारी माना डोलवायचे.

एकदा मी पगाराच्या कागदावर सही आणायला गेले होते, विधवांना मिळतो त्या. तो असाच काढत बसला होता. टेबलाच्या कोपऱ्यात चहाचा एक थेंब होता. म्हणाला, "ही तुमची वरची वस्ती, वैनी."

"यात आमची घरं कुठायत?"

"घरं काय करायचीत? वरची वस्ती म्हंजे माणसं न्हाय, वैनी. वरची वस्ती म्हंजे एकशेऐंशी."

एकशेऐंशी मतं. मग हॉटेलवाल्यानं फडकं मारलं आणि तालुका पुसला.

त्याच्या डोक्याला मात्र नावं ठेवता येणार नाहीत. कुणाची पोरगी कुठं दिलीय, कोणता भाऊ कोणाशी बांधावरून बोलत नाही, सगळं पाठ. कोणी आजारी पडलं की पहिला यायचा. माझ्या मालकांना त्यानं स्वतःच्या जीपमधून सोलापूरला नेलं होतं. ते वाचले नाहीत. पण दर निवडणुकीला आबा दारात उभा राहून म्हणायचा, "जीप याद हाय ना, वैनी?" मला तिचा रंगसुद्धा याद आहे.

मागच्या पंचायतीच्या आधी तो तांब्याचं ताट घेऊन वस्तीवर आला. ताटात बेलाची पानं आणि अणदूरच्या खंडोबाचा भंडारा. घरटी फिरला आणि एकेकाला बेलभंडार उचलायला लावला. तो एकदा हातात घेतला की शब्द फिरवायचा नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. मीही उचलला. मला आबाचा माणूस नको होता, तरी मत त्यालाच दिलं. सगळ्या वस्तीनं दिलं. देवाच्या भीतीनं इतकी माणसं एका नालायकाच्या मागं जातात याची मला तेव्हाही किळस आली होती, आणि त्यात मी होते.

निकाल लागला. सरपंच आबाचा झाला. पण आमच्या वॉर्डात खालची एक त्याच्या विरोधातली आळीही येते, तिथं त्याचा मेंबर तीन मतांनी पडला. आबा हॉटेलात सगळ्यांसमोर म्हणाला, "वरच्यांनी भंडारा उचलून दगा दिला. आता खंडोबाच्या आधी मी बघतो."

चैत्रात विहिरी आटल्या आणि गावाला टँकर लागला. आमच्या वस्तीवर नळ बसवलेली मोठी प्लास्टिकची टाकी आहे. टँकर तिथं कधी आलाच नाही. सगळ्या खेपा खालच्या विहिरीत ओतायला लागले. ग्रामसेवक म्हणाला, चढावर गाडी चढत नाही. मी ड्रायव्हरलाच गाठलं. तो म्हणाला, "मावशी, मी गाडी पवनचक्कीवर बी चढवतो. आबानं खाली सांगितलंय." तेव्हापासून आमच्या बाया दीड कोस उतरायच्या, आणि विहिरीवर खालच्या बाया म्हणायच्या, "आधी आमचं भरू द्या, दगाबाज हो."

एक दिवस गिरणीत आबाची बायको गंगाबाई भेटली. तिनं दळण टाकलं. मग गिरणीचा आवाज चालू असतानाच कानाशी आली.

"आक्का, तुमच्या वस्तीनं शबुद पाळला. फुटलो ते आमी."

"आमी म्हंजे कोण?"

"मी अन् माझ्या तिघी सुना. आमची नावं त्यांनीच तुमच्या वॉर्डात घातली न्हवं का, मतं वाढवायला."

"अन् बेलभंडार?"

"आमच्यापुढं ताट धरलंय कुणी? घरच्या बायांला कोण शपथ घालतंय. आमी मोकळ्याच की." तिच्या भुवयांवर पीठ बसलं होतं आणि ती हसत होती. "चाळीस वर्सं त्यांच्या मनाचं केलं. एकदा म्हटलं, बघावं कसं लागतंय."

मीही हसले. मग ती म्हणाली, "जाऊन सांगा त्यास्नी. तुमचं पाणी वर येईल."

"अन् तुमचं?"

"माझं काय, रोज व्हतंय तेच. जरा जास्त."

मी सांगितलं नाही. एका बाजूला चौघींच्या पाठी, दुसऱ्या बाजूला सगळ्या वस्तीचे घसे. मी बरोबर केलं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गंगाबाई स्वतः विहिरीवर येऊन उभी राहायला लागली. घरात बोअर असताना. आपला नंबर लावायची, आणि नंबर आला की आमच्यातल्या एकीला पुढं ओढायची. "ही माझी पाळी. ही भरंल." आबाच्या बायकोला कोण बोलणार?

त्या दिवशी विमलची पाळी होती. टँकरचा पाइप अजून ओतत होता. पाणी खाली मुरायच्या आत शेंदायचं म्हणून सगळ्या काठावर रेटत होत्या. विमलचा पोहरा कपारीत अडकला. ती वाकली. गंगाबाईनं तिच्या कमरेचा पदर मुठीत धरला. मी चार हातांवर होते. दोघींच्या पायाखालचा दगड निसटला. विहीर पाच परस, म्हणजे तीस फूट खोल आणि पाणी जेमतेम मांडीएवढं. मी दोरासाठी हॉटेलाकडं पळाले. पुढचं मी सांगितलंच आहे.

गंगाबाईच्या दहाव्याला वरच्या वस्तीतून घरटी माणूस उतरलं. ओढ्याच्या कडेला आबा बसला होता. मला वाटलं, आज तरी हा माणूस रडेल. तो ओठांत काहीतरी पुटपुटत होता. जवळ गेले तर म्हणाला, "वैनी, वरच्या वस्तीवरनं बावन्न आले. मताला फुटले, पण मातीला आले."

मी म्हटलं, "आबा, घरची मतं कधी मोजलीत का?"

"घरची काय मोजायची? ती असत्यातच."

मागं त्याच्या तिघी सुना डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. मधलीनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड मिटलं आणि घरी आले.

पुढच्या आठवड्यात टँकर वर आला, टाकीत पाणी पडलं. आबाला बायकोचं दुःख झालं म्हणून नाही. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि टेबलावर आमचा थेंब परत लागणार होता. त्या सुना आता वेगळ्या होऊन गाव सोडून गेल्या, म्हणून हे लिहायला हरकत नाही. आबानं वाचलं तरी चालेल. तो त्याच हॉटेलात बसतो.

विहिरीतून दोघींना वर काढलं तेव्हा गंगाबाईच्या मुठीत विमलचा पदर तसाच होता. मूठ उघडावी लागली. विमलचा पाय तीन ठिकाणी मोडला होता. ती लंगडते, पण चालते. दोघींतली विमल जगली.