वीतभर जीपचे पाटे

"अरे, डाग नको देऊस! पाटे एकमेकांवर सरकले पाहिजेत!" अण्णा खाटेवरून असे ओरडले की रामकुंडावरची कबुतरं थेट सुरगाण्याला जाऊन बसली असतील.

आज मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तापलेल्या कथलाचा वास आला आणि ती दुपार समोर उभी राहिली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर सुरगाण्याच्या घाटात जीप हाकली. अर्धांगवायूनं उजवा हात गेल्यावर त्यांना तीच जीप वीतभर आकारात हवी होती, खड्ड्यात तशीच डुलणारी. हात माझे, अक्कल त्यांची. गजराच्या घड्याळाची स्प्रिंग कापून मी चाकांवर बसणारे, गाडी डुलवणारे बारीक पाटे केले. त्यातला एक असा उडाला की अजून घोटीच्या अलीकडे उतरला नसेल. उरलेले चिमट्यात राहीनात, म्हणून डाग द्यायला टोकाला कथलाचा थेंब सोडला. तो डोळ्यांदेखत आत पाझरला आणि सगळे पाटे एकजीव झाले.

तेव्हा मला फक्त त्यांचं ओरडणं ऐकू आलं होतं. मला अडवायला उचललेला त्यांचा डावा हात आज दिसतो.

जीप जोडून मी त्यांच्यापुढे ठेवली. "अण्णा, हुबेहूब झालीय ना?"

त्यांनी टपावर बोट दाबलं. जीप जराही खाली बसली नाही.

"शोकेसमध्ये ठेव," ते म्हणाले.