आईच्या पायाला पिशवी

"एक पिशवी आण आणि त्यांच्या पायात घाल. मग ट्राय करू देत."

मॅनेजर मॅडम माझ्या कानाजवळ येऊन बोलल्या. हळू आवाजात. एकदम सभ्यपणे.

'त्यांच्या' म्हणजे माझ्या आईच्या.

दुपारची वेळ. घाटकोपरच्या एका मॉलमधलं आमचं चपलांचं शोरूम. फक्त बायकांच्या चपला, सँडल, बूट. मार्च सुरू झालेला. काचेवर उन्हाळी कलेक्शनचं भलंमोठं पोस्टर, त्यावर फुलंबिलं. आई पांढऱ्या गुबगुबीत बाकाच्या अगदी कडेला बसली होती. पहिल्यांदाच कोणाच्या घरी गेल्यावर बसतात तशी. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली. मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसलेली. हातात बदामी रंगाची सँडल.

मी म्हटलं, "मॅडम, ती माझी आई आहे."

"माहितीये गं मला. म्हणून तर शांतपणे सांगतेय. वाईट वाटून घेऊ नकोस. हायजीनचा प्रश्न आहे ना. उद्या तीच पेअर दुसऱ्या कस्टमरला दाखवायची असते आपल्याला."

त्या वेळी दुकानात आणखी तीन बायका चपला घालून बघत होत्या. अनवाणी पायांनी. कोणाच्याही पायात पिशवी नव्हती.

मी उठले. नवीन चपला ज्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतात, तसली एक पिशवी काउंटरमागून आणली. आईचा पाय उचलला. पिशवीत घातला. घोट्यापाशी गाठ मारली.

मॅडमनी नाही मारली. मी मारली. माझ्या हातांनी. पुढचं सगळं सांगायच्या आधी हे सांगणं भाग आहे.

मी माहुलची. कोळीवाड्यातली. खाडी, खाडीतला चिखल आणि पलीकडे रिफायनऱ्या. बाबा होडीवर, आई मासे विकायला घाटकोपरच्या बाजारात. बारावीनंतर मी कामाला लागले. या शोरूममध्ये आठ महिने झाले होते. घरात मी पहिलीच एसीत काम करणारी. आई बाजारात सगळ्यांना सांगायची, माजी पोर मॉलमधी हाय.

भावाचं लग्न ठरलं, वैशाखातलं. तेव्हा आई मला म्हणाली, "मना पन एक सांडल पायजेल गो. फॅशनची पायजे. पन चावनारी नको."

मला हसू आलं. शोरूममध्ये येणारी प्रत्येक बाई हेच मागते. इंग्रजीत मागते, हिंदीत मागते, पण मागते हेच. छान दिसली पाहिजे आणि टोचली नाही पाहिजे.

आणि या कामात मी हुशार होते. फुशारकी नाही मारत. बायका आधी रंग बघतात. मी पाय बघायचे. मी सांगायचे, उन्हाळ्याची चप्पल सकाळी घेऊ नका, संध्याकाळी या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, खरं माप तेव्हा कळतं. दोन्ही पायांत घालून बघा, एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतोच. घामाने पाय पुढे सरकतो, म्हणून टाचेमागे पट्टा असलेली घ्या. उंच टाच हवीच असेल तर रुंद घ्या, पेन्सिलसारखी नको. हातात धरून वाकवून बघा. बोटं जिथे वाकतात तिथेच चप्पल वाकली पाहिजे. मधेच वाकली तर तो पुठ्ठा समजा. बायका पुन्हा यायच्या, माझं नाव घेऊन मला बोलवायच्या.

आईसाठी मी आठवडाभर शोधत होते. तिचा पाय पुढून रुंद. बोटं पसरलेली. जन्म उभं राहण्यात गेला, त्याआधी चिखलात कालवं काढण्यात. तळव्याला कापल्याच्या जुन्या रेषा. असल्या पायाला नाजूक पट्टे चालत नाहीत. शेवटी एक मिळाली. दोन रुंद पट्टे, आत मऊ चामडं, बुटकी रुंद टाच, बाजूला छोटंसं सोनेरी बक्कल. लग्नात शोभेल अशी आणि दिवसभर पायात राहील अशी. मी ती स्टॉकमध्ये मागे सरकवून ठेवली. आईला म्हटलं, ये.

ती बाजारातून सरळ नाही आली. आधी माहुलला घरी गेली, आंघोळ केली, लुगडं बदललं, मग बस पकडून परत घाटकोपरला आली.

पिशवीत तिचा पाय सटकत होता. पट्टा कुठे लागतोय, बोटांना जागा आहे की नाही, काही कळेना. उभं राहायला सांगितलं तर ती घसरायला लागली. मी तिचा घोटा धरला. खाली वाकले तेव्हा तिच्या पायाला लिंबाचा वास आला. तिने पाय लिंबाने घासले होते. दुकानात येण्यासाठी.

मी वर बघितलंच नाही.

माझी आई बाजारात कोणाच्या बापाचं ऐकत नाही. भाव पाडून मागणाऱ्याला ती असं सुनावते की शेजारचे भाजीवालेही हसतात. इथे ती एक अक्षर बोलली नाही. पिशवीची गाठ तिने स्वतः सोडली. पिशवी बाकावर ठेवली, आपल्या रबरी स्लीपरा पायात सरकवल्या आणि म्हणाली, "ऱ्हाव दे. मापाची नाय."

गेली.

मॅडम जवळ आल्या. "पुढच्या वेळी घरच्यांना आणायचं असेल तर सकाळी लवकर आण हं. गर्दी नसते. आणि चेहरा नीट कर, कस्टमर बघतायत."

मी म्हटलं, "हो मॅडम."

हो मॅडम! ते दोन शब्द मला आजही टोचतात.

घरी गेले तेव्हा आई ओट्यावर बोंबील साफ करत होती. मी विचारलं, "आये, तू का नाही काही बोललीस? बाजारात तर सोडत नाहीस कोणाला."

"तुजी नोकरी हाय ती."

हात चालूच होते तिचे. पुढचं माझ्याकडे न बघता बोलली. "आनि गाठ तू मारलीस. मना वाटलं, तुजं पन तसंच म्हननं असंल."

थोडंसं ते खरं होतं. कामावर जाताना मी रोज दोनदा साबण लावायचे. लोकांना माहुल न सांगता चेंबूर सांगायचे. पिशवी आणताना माझे पाय अडखळले नव्हते. हे मला कोणी शिकवलं? शाळेत बाकावरून उठून लांब बसणाऱ्या मुलींनी? बसमध्ये आईच्या माशांच्या पाटीकडे बघून नाकाला रुमाल लावणाऱ्यांनी? त्यांनी शिकवलं असेल. पण शिकले मी.

त्यानंतरचे दिवस मी नुसती चिडलेली. हसत होते, मापं घेत होते, खोके काढत होते आणि आतून धुमसत होते. कोणावर, तेही कळत नव्हतं. कस्टमर म्हणाली की जरा स्टायलिश पण कम्फर्टेबल दाखव ना, की डोक्यात जायचं. तिचा काय दोष? तरी जायचं. आणि एक गोष्ट मला दिसायला लागली. पिशवी फक्त आईलाच नव्हती. कोणी बाई फाटक्या स्लीपरांत आली, कोणाच्या टाचा भेगाळलेल्या दिसल्या, की मॅडम माझ्याकडे बघायच्या आणि दोन बोटांनी हवेत गाठ मारल्यासारखं करायच्या. आधीही करत असणार. मी आधी ते बघितलंच नव्हतं. तसल्या दोन बायकांच्या वेळी मी 'स्टॉकमध्ये जाते' म्हणून सटकले. माझ्यासोबतच्या मुलीने पिशव्या घातल्या.

मग एप्रिलमधली ती दुपार.

आमच्या एक नेहमीच्या कस्टमर होत्या. समोरच्या टॉवरमध्ये राहायच्या. त्या दिवशी त्यांनी अकरा जोड घालून बघितले. त्यांच्या टाचेला काहीतरी झालं होतं, पिवळं मलम लावलेलं. प्रत्येक सँडलमध्ये मलमाचा डाग पडत होता. मॅडम स्वतः खाली बसून आपल्या रुमालाने तो डाग पुसत होत्या आणि हसत होत्या. "काही नाही हो, होतं असं." पुसलेली सँडल परत शेल्फवर. हायजीनचं नाव नाही.

तेवढ्यात कमलताई आल्या. मॉलमध्ये साफसफाई करतात. आमच्या दुकानाची फरशी रोज सकाळी त्याच पुसतात. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. युनिफॉर्म नव्हता, साडी नेसून आलेल्या. म्हणाल्या, "ती निळी बघू का गं? रोज पुसताना बघते. मला घ्यायचीय."

मी निळी सँडल काढली. कमलताई बाकावर बसल्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. दोन बोटं हवेत. गाठ.

"नाही आणणार," मी म्हटलं.

"काय?"

"पिशवी नाही आणणार मी."

मोठ्याने निघालं ते तोंडातून. दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या.

मॅडम हसल्या, लोकांना दाखवायला हसतात तसं. "काय बोलतेयस तू? नियम आहे तो."

"मग या मॅडमना का नाही? त्यांच्या टाचेला मलम आहे. अकरा जोडांना लागलंय. त्यांना द्या आधी. मग मी कमलताईंना देते."

टॉवरवाल्या बाई ताडकन उठल्या. "अहो, काय प्रकार आहे हा? इथे काय अपमान करून घ्यायला येतो का आम्ही?" पर्स उचलली आणि निघाल्या.

अपमान. एका वाक्याचा. बाईंनी तो अर्धा मिनिटही सहन केला नाही, आणि बरोबर केलं. अपमान सहन करायचाच नसतो. मला त्या क्षणी लख्ख कळलं की आमच्यात आणि त्यांच्यात एवढाच फरक आहे. त्या उठतात. आम्ही गाठ सोडून देतो आणि म्हणतो, मापाची नाही.

कमलताईही उठायला लागल्या. "जाऊ दे गं बाय. माझ्यापायी तुला त्रास नको."

"बसा तुम्ही," मी म्हटलं. जवळजवळ ओरडलेच त्यांच्यावर. खाली बसले, त्यांचा उघडा पाय हातात घेतला आणि सँडल घातली. बोटं बाहेर येत होती. एक नंबर मोठी आणली. ती बसली. त्यांना चालून बघायला लावलं, आरशापर्यंत आणि परत. त्यांनी तीच घेतली. बिल मॅडमनीच केलं. विक्री कोणाला नको असते?

मग मला आत स्टॉकरूममध्ये बोलावलं.

"तुझ्यासाठी मी काय नाही केलं? वर ऑफिसमध्ये तुझ्या नावाला नाही म्हणत होते. कोळीवाड्यातली मुलगी, बोलणं कसं असेल, राहणं कसं असेल. मी म्हटलं, मी शिकवते तिला. आणि तू माझी कस्टमर घालवलीस?"

त्या खरंच दुखावल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. कांदिवलीहून रोज येतात, मुलाचं दहावीचं वर्ष, सगळं मला माहीत होतं. वाईट बाई नाहीत त्या. माझ्या वाढदिवसाला केक आणला होता त्यांनी. म्हणूनच जास्त राग येतो. वाईट माणसाने केलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

मी म्हटलं, "शिकवलंत मॅडम. तेच विसरायचंय मला आता."

दुसऱ्या दिवशी टाइप केलेला कागद आला. 'ग्राहकासमोर केलेल्या उद्धट वर्तनाबद्दल मी माफी मागते. पुन्हा असे होणार नाही.' खाली सहीसाठी रेघ.

"यात पिशवीचं कुठे लिहिलंय?"

"त्याचा काय संबंध इथे?"

मी सही नाही केली. कागद उलटा केला आणि मागे मराठीत लिहून दिलं, कोणाच्या पायात पिशवी घालायला सांगतात आणि कोणाच्या नाही. आई आली होती ती दुपारही लिहिली. गाठ मी मारली, हेही लिहिलं.

चार दिवसांत बदली. कांदिवलीच्या दुकानाचं गोडाऊन. कस्टमर नाहीत, माप नाही, खिडकी नाही. दिवसभर खोके मोजायचे. माहुलहून कांदिवली म्हणजे जायला-यायलाच अर्धा दिवस. त्यांना वाटतं, कंटाळून मीच सोडेन. दर शनिवारी तोच माफीचा कागद नव्याने छापून टेबलावर येतो. दर शनिवारी मी तो सही न करता परत करते.

आईला हे कळलं तेव्हा ती भडकली. "सही कर आनि मोकली हो. माज्यासाठी नोकरी घालवतेस?"

"तुझ्यासाठी नाही गं. माझ्यासाठी."

तिने मला माफ केलंय का, मला माहीत नाही. लग्नाआधी मी तिला दुसऱ्या दुकानात चल म्हटलं, रस्त्यावरच्या स्टॉलवर चल म्हटलं. नाही आली. भावाच्या लग्नात पैठणी नेसली, सगळे दागिने घातले, आणि पायात त्याच रबरी स्लीपरा. फोटोत दिसतात.

परवा गोडाऊनमध्ये फोन आला. सोमवारी वरच्या ऑफिसमधले दोघे येणार आहेत, माझ्याशी 'शेवटचं' बोलायला. गोडाऊनमधली सोबतची मुलगी म्हणाली, सॉरी मॅडम म्हण ना यार, दोन शब्द तर आहेत.

तसले दोन शब्द मी एकदा म्हटलेत, 'हो मॅडम'. आता नाही म्हणणार.

सोमवारी मी वेळेवर जाणार. माफी मागणार नाही. राजीनामाही देणार नाही, त्यांची तेवढी सोय मी करणार नाही. काढायचं असेल तर काढा. पण का काढलंत, ते कागदावर लिहा. स्पष्ट लिहा. आणि यावेळी खाली सही तुम्ही करा.