गाय काष्टीला, आम्ही अंदमानात

ट्रिप चार दिवसांची, पण तिचे किस्से काही संपायला तयार नाहीत! कोणी चहाला आलं की एक निघतो, त्याला दुसरा चिकटतो आणि चहा गार होतो. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

आधी मंडळी सांगते. मी राहुरीची, शाळेतून रिटायर झालेली बाई. आमचे हे माती परीक्षणाच्या लॅबमध्ये होते. काष्टीचे नाना वर्षानुवर्षं ह्यांच्याकडे शेतातली माती घेऊन यायचे, त्यातून घरोबा झाला. नाना आणि त्यांची बायको माई, हे आमचे ट्रिपचे पार्टनर.

ट्रिपचं कारण मात्र गमतीचं नव्हतं. ह्यांची बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, "हार्ट एकदम ओके, आता हिंडाफिरा." पण ह्यांनी भीतीच धरली. आठ महिने फाटकापलीकडे पाऊल नाही. खुर्चीतून उठायचं तरी भिंतीला हात. माणूस वाचला, पण मला परत मिळेल की नाही, हे कळेना. शेवटी मीच नानांना फोन केला आणि चौघांची अंदमानची तिकिटं काढली.

*

जंगलातल्या ट्रेकबद्दल मी ह्यांना सांगितलं होतं, "पाऊण तासाचा सपाट रस्ता आहे."

पहाटे गाइड आला. दासबाबू, पन्नाशीचा बंगाली माणूस. आल्या आल्या म्हणाला, "दो घंटा लगेगा. थोड़ा चढ़ाई है."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायला घेतली.

नाना लगेच मध्ये पडले. "साहेब, हितला तास ल्हान असतोय. बघा की, सूर्य बी किती लवकर उगावला!"

हे सायन्सचे माणूस. नानांना पृथ्वी कशी फिरते हे समजावून सांगता सांगता पहिला चढ कधी चढून गेले, त्यांना कळलंच नाही.

*

वाटेत एक प्रचंड झाड. मुळं भिंतीएवढी. दासबाबू म्हणाला, दोनशे वर्षांचं तरी असेल.

नानांनी झाडाभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. "नशीबवान हाय! आमच्याकडं बांधावर असतं तर दोन भाऊ कवाच कोर्टात गेले असते."

*

आता एक कबुली. जिभेखाली ठेवायची गोळी मी माझ्या पर्समध्ये ठेवली होतीच. पण एक पट्टी गुपचूप नानांना दिली आणि एक माईंना. न जाणो!

वेताच्या जाळीजवळून जाताना हे एकदम ओरडले, "आई गं!"

तीन हात पुढे आले. तिन्हीत गोळी!

ह्यांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पायाकडे बोट दाखवलं. "काटा घुसलाय. तो काय गोळीनं निघणार आहे?"

*

टेकडीवर पोचल्यावर दासबाबूनं तोंडावर बोट ठेवलं. पक्षी बघायचे तर शब्द काढायचा नाही. आम्ही श्वास धरून उभे. आणि नेमकी तिथंच रेंज आली! माईंच्या सुनेचा फोन. चांदणी गाय पान्हा चोरतेय, दुधाला हात लावू देत नाही.

माई कुजबुजल्या, "फोन तिच्या कानाला लाव." आणि मग पूर्ण आवाजात, "चांदने! ए माझे बाय! मी हितंच हाय गं, कुटं गेले न्हाई! सोड दूध, सोड!"

अख्ख्या टेकडीवरचे पक्षी एकदम उडाले. पोपट काय, कबुतरं काय, आभाळ भरून गेलं. इतके पक्षी आम्हाला गप्प बसून जन्मात दिसले नसते.

दासबाबू बराच वेळ वर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दीदी, गाय ने दूध दिया?"

*

उतरताना हे मागे राहिले. मी धावत मागे गेले तर साहेब उकिडवे बसून हॉटेलच्या चमच्यानं खड्डा खणतायत. माझी नवी ओढणी मागितली, तिच्यावर माती पसरली, कालवली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन काढून टाकले. मग दुसरा खड्डा. सॅम्पल एका जागचं घेत नाहीत म्हणे!

दासबाबूनं हात जोडले, "सर, जंगल से कुछ नहीं ले जा सकते."

हे ओशाळले. माती परत खड्ड्यात भरताना म्हणत होते, "वरची माती वर राहायला हवी होती हो, मी मिसळून टाकली."

मी ओढणी झटकत होते. बसायला-उठायला ह्यांनी एकदाही आधाराला कशाला हात लावला नव्हता. मनात म्हटलं, खणा हो, अजून चार खणा! मला इतकं हलकं वाटलं की तिथंच रडू आलं.

*

आणि आता सगळ्यात भारी.

संध्याकाळी हॉटेलवाल्यांनी बीचवर जोडप्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. हे "आलोच" म्हणून उठले आणि गेले. वीस मिनिटं झाली, पत्ता नाही. शोधत गेले तर वाळूत चपला, चपलांवर घडी घातलेला शर्ट आणि वर चष्मा.

मी चष्मा उचलला आणि पाण्याकडे बघायला लागले. ऑपरेशननंतर ह्यांनी कोणासमोर शर्ट काढला नव्हता. माझ्यासमोरसुद्धा नाही. बाथरूममधून बाहेर यायचे ते गळ्यापर्यंत बटणं लावून.

तेवढ्यात पाण्यातून हसणं ऐकू आलं. कमरेएवढ्या पाण्यात हे आणि नाना, दोघंही उघडे! ह्यांच्या छातीवरची खूण उतरत्या उन्हात लख्ख दिसत होती. मी ओल्या वाळूत बसकणच मारली.

नाना ती खूण निरखून बघत होते. "तुमची शिवन कशी सरळ हाय, साहेब! आता माझी बघा." बरगडीपासून बेंबीपर्यंत वेडावाकडा वण. "बैलानं शिंग घातल्तं. मानसाचा डाक्टर गावाला गेल्ता, मग ढोराच्या डाक्टरनं शिवलं!"

ह्यांनी वाकून, अगदी लॅबमध्ये बघायचे तसं बघितलं आणि विचारलं, "मग पथ्य काय सांगितलं?"

"काय न्हाई," नाना म्हणाले, "चार दिस औताला जुपू नका म्हनला!"