सही तिची, खुर्ची दिराची

मी सरपंच झाले तेव्हा तिशीही ओलांडलेली नव्हती. जागा बाईसाठी राखीव सुटली आणि घरात दुसरी शिकलेली बाई नव्हती, म्हणून अर्ज माझा भरला गेला. माझं माहेर लोहा तालुक्यातलं, कॉलेज नांदेडला झालेलं आणि सासर जळकोटजवळचं. निवडून मी आले, पण गुलाल नवऱ्याला लागला, हारही त्यांच्याच गळ्यात पडले. मी आत चहा गाळत होते.

पहिल्या मासिक सभेला आम्ही दोघं गेलो. हे सरळ जाऊन सरपंचाच्या खुर्चीत बसले. ग्रामसेवकानं माझ्यासाठी दाराजवळ एक स्टूल सरकवलं. मी बसले नाही. डोकं तापलं की मला मागचंपुढचं दिसत नाही. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, "उठा. ही खुर्ची माझी हाय. तुम्ही बाहेर थांबा." हे उठले, बाहेर गेले आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेले. घरात बरेच दिवस अबोला होता. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या घरात आता उलटी गंगा वाहायलीय." वाहू दे म्हटलं. पण कारभार मी केला. पांदण रस्ता मोकळा केला, शाळेला भिंत घातली, आणि ठराव वाचल्याशिवाय एकावरही सही केली नाही.

मग मला भाषणांची चटकच लागली. नांदेडच्या एका कॉलेजात बोलवलं होतं. तिथं मी म्हणाले, "नवरा असो, सासरा असो, दीर असो, बाईच्या खुर्चीत बसतो तो चोर. त्याला घरात ठेवा, जेवू घाला, पण खुर्चीत ठेवू नका." मुलींनी बाकं वाजवली. मला माझंच वाक्य एवढं आवडलं की पुढे मी ते गावोगाव वापरलं.

त्यानंतर पंचायत समिती झाली, जिल्हा परिषद झाली, लातूरला घर झालं. माझे विचार नेमके कधी बदलले ते मला सांगता येणार नाही. सकाळी उठलं आणि बदलले, असं काही होत नाही. आधी भाषणातून 'चोर' गेला, कारण व्यासपीठावर माझ्या शेजारी असेच दोघं-तिघं दीर आणि सासरे बसलेले असत आणि प्रचाराच्या गाड्याही त्यांच्याच असत. मग 'पुरुषांनीही साथ दिली पाहिजे' आलं. मग तो विषयच गेला आणि त्याच्या जागी बचत गट आले. मी याला पोक्तपणा म्हणत होते. स्वतःला काहीही सांगायला काय जातं?

मागच्या वर्षी एका दुपारी एक तरुण मुलगी लातूरच्या घरी आली. माझ्याच जिल्हा परिषद गटातल्या एका गावची सरपंच. बसता बसता म्हणाली, "ताई, मी नांदेडला तुमचं भाषण ऐकलं होतं, कॉलेजात असताना."

मला बरं वाटलं. कुणालाही वाटेल.

"थोरले दीर माझ्या खुर्चीत बसायचे. परवा मी त्यांना सभेत उठवलं, तुम्ही म्हणला होता तसंच. आता घरात कुणी माझ्याशी बोलंना. दीर सदस्यांना घेऊन माझ्यावर अविश्वास ठराव आणायलेत."

"आणि तुझा नवरा?"

"ते चांगले हायत. पण भावासमोर मान वर करत न्हाईत." मग तिनं हात जोडले. "तुम्ही फकस्त एकदा गावात या ताई. सभेत माझ्या शेजारी बसा. काही बोलू नका. तुम्ही नुसत्या बसल्या तरी त्यांची हिंमत व्हायची न्हाई."

तिचा थोरला दीर मला चांगला ठाऊक होता. त्या भागातली माझी मतं त्याच्याच हातात होती, आणि माझं तिकीट अजून पक्कं व्हायचं होतं. तिनं माझ्याकडे एका बैठकीपलीकडे काही मागितलं नव्हतं. मी तिच्यापुढे चहा सरकवला आणि हल्ली मला फार छान जमतो त्या शांत आवाजात म्हणाले, "हे बघ बाई, मीही अशीच तापट होते. राजकारणात सबुरी लागते. बसू दे त्यांना. सही तर तुझीच राहणार ना?"

"पण ताई, तुम्हीच तर..."

"तेव्हा मी लहान होते गं."

ती उठली. चहा तसाच राहिला. दोन दिवसांनी तिच्या दिराचा फोन आला. "लई उपकार झाले ताई. आमच्या घरातल्या बाईला तुम्ही वळणावर आणलं." फोन भिंतीवर आपटावा असं वाटलं. शरम वाटली, स्वतःची किळस आली. आणि मी म्हणाले, "अहो, घरचाच मामला आहे."

अविश्वास ठराव आला नाही. काही महिन्यांनी त्या गावात सभामंडपाच्या भूमिपूजनाला मी गेले. सूत्रसंचालकानं "आपले सरपंचसाहेब" म्हटलं आणि दीर उठून उभा राहिला. त्याच्या शालीला टाळ्या पडल्या. ती खाली बायकांत होती, औक्षणाचं ताट घेऊन. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं असेल, बाई देवभोळी आहे.

निघताना ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. तिनं चार शब्द सुनवावेत असं मला मनापासून वाटत होतं. ऐकून घेतलं असतं, थोडं हलकं वाटलं असतं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. तुमची बी अडचण असते. दीर म्हणले, ताईंना आपल्या गावातून एक बी मत कमी पडू द्यायचं न्हाई."

ती माझीच समजूत काढत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, निदान तिचा हात तरी धरायला हवा होता. आणि माझ्या तोंडून निघालं ते हे:

"आणि पलीकडच्या वाडीतून?"